धाकटीचा फंड आणि सालदाराचं धान

माझी धाकटी बहीण अमेरिकेत राहते आणि दर रविवारी आमच्या सकाळच्या चहाला फोन करते. आधी मला गोंदियाला, मग बाबूजींना गोरेगावला. हा क्रम तिनं विचार करून लावलेला आहे. माझ्याकडून ती बाबूजींची खरी तब्येत काढून घेते आणि मग त्यांना विचारते, "कसे आहा बाबूजी?" बाबूजी ठरल्याप्रमाणे "एकदम ठणठणीत" म्हणतात, आणि ते या खेपेला किती खोटं बोलले याचा तिला तिथल्या तिथे अंदाज येतो. इतक्या लांबून माणसावर इतकी बारीक नजर ठेवणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. मी एसटीनं तासाभराच्या अंतरावर राहते, तरी मला ते जमत नाही.

आम्ही दोघीच बहिणी. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मला गोंदियात दिली. सासर हार्डवेअरच्या दुकानाचं. घरात हिंदी, दुकानात हिंदी, भांडणसुद्धा हिंदीत. बाबूजी, गावाच्या तोंडी पटेल, आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावजवळ शेतावर एकटे राहतात, आणि एकटे राहतात असं कोणी म्हटलं की चिडतात. आमचे पूर्वज माळव्यातून इकडे आले म्हणतात. बाबूजी ती गोष्ट अशा थाटात सांगतात की वाटावं, हे स्वतःच मागच्या आठवड्यात बैलगाडीतून उतरले.

धाकटी गेली तेव्हा तीन-चार वर्षांत येते म्हणाली होती. मग लग्न झालं, मुलगी झाली, मुलीची शाळा सुरू झाली. ती तीन-चार वर्षं कधी संपली ते कोणी बोलून दाखवलं नाही. बाबूजींनी मात्र मुर्रीला, गोंदियाच्या अगदी कडेला, एक प्लॉट घेऊन ठेवला. शहर जवळ, दवाखाना जवळ, रेल्वे जवळ. धाकटीला परत आल्यावर शेतावरच्या घरात करमणार नाही म्हणून. प्लॉटला भिंत घातली, बोअर मारला, कोपऱ्यात आंब्याचं रोप लावलं. माझ्याकडे यायचं झालं तरी आधी मुर्रीला उतरून आंब्याला पाणी घालायचे आणि मग माझ्या दारात यायचे, चपला चिखलानं भरलेल्या. मी म्हणायची, "बाबूजी, दोन पोरी आहेत तुम्हाला." ते म्हणायचे, "तुह्या घरी नळ आहे. तिथं कोन पाणी घालते?"

आता यात एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं विचित्र वाटेल. बाबूजींनी धाकटीला एकदाही विचारलं नव्हतं, तू कधी येशील. एकदाही नाही. मला आधी ते ताठपणाचं वाटायचं. एकदा मी टोकलंच, तर म्हणाले, "विचारलं की माणूस लाजेनं हो म्हणते. मंग त्या होचं मी काय करू?" हा नियम ते सगळ्यांना लावत. शेतावरच्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या करारानं ठेवलेल्या गड्यालासुद्धा, पुढच्या साली राहशील का असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारण्याची त्यांना गरजच पडायची नाही. त्यांची त्याची एक वेगळीच खूण होती, ती पुढे येईल.

धाकटी काटकसरी. अमेरिकेत राहून जुन्या डब्यांत डाळी भरते. साठलेला पैसा ती एका फंडात टाकत होती, शेअरसारखा बाजारात विकत घेता येतो, विकता येतो असा. त्यात आपल्यासारख्या वर येणाऱ्या देशांमधल्या कंपन्या. थोडं तैवान, थोडं ब्राझील, आणि बराचसा भारत. बाबूजींच्या कानांनी त्यातला भारत तेवढा उचलला. पोरीनं तिकडचा पैसा इकडे लावला, हे त्यांच्या दृष्टीनं पत्रिका जुळल्यासारखं होतं. जिथं माणसाचा पैसा, तिथं त्याचा जीव, असा त्यांचा सरळ हिशेब. मुर्रीच्या घराचा नकाशा त्यांनी त्याच महिन्यात काढून आणला, खाली तीन खोल्या, वर दोन, पुढे ओसरी. पाडवा झाला की पायवा टाकायचा, असं मिस्त्रीशी बोलणंही झालं. मला म्हणाले, "माह्या डोळ्यासमोर उभं झालं पायजे." तेव्हा त्यांच्या वयाची मला एकदम आठवण झाली आणि वाईट वाटलं.

आणि त्याच थंडीत टीव्हीवर बातम्या लागल्या की डॉलरपुढे रुपया घसरला.

बाबूजींनी रविवारची वाट पाहिली नाही. मी शेतावरच होते, त्यांनी मला फोन लावायला सांगितलं, आवाज मोठा करून मधे ठेवायला सांगितलं, आणि तिनं हॅलो म्हणायच्या आत विचारलं, "रुपया पडला म्हणते टीव्हीवाला. तुले लागलं का?"

"नाही बाबूजी," धाकटी म्हणाली. परदेशात राहून तिची बोली पुसट होण्याऐवजी आणखी घट्ट झाली आहे. "मले काहीच नाही लागलं."

"काऊन? कंपन्या त आपल्याच ना?"

"कंपन्या आपल्याच. पण माह्या फंडानं कवर घेतलं आहे. ते फंडवाले दर महिन्याले पुढच्या महिन्याचा रुपयाचा भाव आधीच बांधून ठेवतेत. रुपया पडला त त्या सौद्यातून तेवढं भरून येते. चढला त तेवढं हातचं जाते. मंग मले उरते फक्त कंपनीचा नफा नाहीतर तोटा. रुपयाशी काही घेणंदेणं नाही."

बाबूजींनी डोळे बारीक केले. भाताची लोंबी चोळून दाणा पाहताना ते असेच डोळे बारीक करतात. "म्हणजे रुपया पडो का उठो, तुले डॉलरमधी तेवढंच."

"हो."

"फुकटात?"

"नाही, थोडा खर्च पडते त्याचा."

"पडनच. कोनाची भीती कोन फुकट घेते?" आणि ते हसले. "हुशार आहेस बापा तू."

मलाही खरंच कौतुक वाटलं. आमच्या दुकानात लोखंडाचा भाव एका आठवड्यात वर-खाली झाला की माझ्या नवऱ्याचं जेवण सुटतं. आणि ही बाई सात समुद्रांपलीकडे बसून पाच-सहा देशांच्या चलनांचे झोके बाजूला काढून निवांत डाळ भरते आहे. आणि हे तिनं कुणाला विचारून केलं नव्हतं. वाचून, समजून घेऊन, स्वतःच्या डोक्यानं केलं होतं. लहानपणी हिला मी तळ्यावर पोहायला शिकवलं होतं; तेव्हा एक पाय तळाला लागल्याशिवाय दुसरा उचलायची नाही.

बाबूजींनी तर कहरच केला. गोरेगावच्या आठवडी बाजारात चहाच्या टपरीवर त्यांनी हे प्रकरण इतक्यांदा सांगितलं की त्यांना येताना पाहून लोक आधीच म्हणायचे, "आइए पटेल साहब, रुपया कैसा है आज?" बाबूजींना त्यातली चेष्टा कळायची, तरी ते सांगायचे. पोरीनं रुपयाच्या पडण्याला कुंपण घातलं, तिला आता झळ पोचत नाही. ऐकणारे माना डोलवायचे, बाबूजी सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचे. त्या हिवाळ्यात ते इतके खूश होते की मीही त्यात काही वेडंवाकडं पाहिलं नाही.

मग पाडवा आला.

आमच्याकडे पाडव्याला सालदाराचं साल बदलतं. जुना करार संपतो, नवा बोलला जातो. आमचा सालदार चिचगडकडच्या जंगलपट्टीतला, वर्षानुवर्षं आमच्याचकडे. आई गेली त्या दिवशी बाबूजींना आंघोळीला त्यानंच नेलं होतं. अशा माणसाशी करार कसला, पण रीत म्हणून ते दोघे दरसाल ओसरीवर बसतात, चहा घेतात आणि एकमेकांकडे न पाहता बोलणी करतात.

ही मजुरी आमच्या भागात पूर्वीपासून दोन भागांत ठरते. काही भाग धानात, काही पैशात. धानाचा भाव पडला काय आणि चढला काय, सालदाराला त्याचं सुखदुःख नाही, कारण ते धान त्याला विकायचं नसतं, घरी शिजवून खायचं असतं. एवढ्या खंडी म्हणजे वर्षाचा भात झाला, बस. पैसा लागतो तो कपड्याला, औषधाला, पोरांच्या शाळेला. दर साली यातलं किती कशात मागायचं ते सालदार ठरवतो. आणि बाबूजींची खूण म्हटलं ती हीच. घरी म्हातारे आईबाप राहायला आले की माणूस धान जास्त मागतो. ज्याचं मन गावातून उठलं, तो धान कमी करून पैसा वाढवतो, कारण जिथं जायचं तिथं त्याला हे धान नेता येत नाही. तोंडानं तो काहीही सांगो. बाबूजींनी वर्षभर आधी ओळखलेले किती तरी जण मला आठवतात, आणि ते कधी चुकलेले आठवत नाहीत.

त्या पाडव्याला सालदारानं बशीत चहा ओतला, प्यायला नाही, आणि म्हणाला, "यंदा पैशातच द्या पटेल."

बाबूजी म्हणाले, "पुरे पैशात?"

"पुरे."

मी आत गुढीची साखरेची गाठी बांधत होते, माझे हात थांबले.

"म्हणजे पुढच्या पाडव्याले तू नाही आहेस," बाबूजी म्हणाले.

त्यानं मान खाली घातली. मग हळूहळू सगळं सांगितलं. पोरगा नागपूरला कंपनीत लागला, नातू झाला, बायको आत्ताच तिकडे जाऊन राहिली आहे. हे साल तो इमानदारीनं करणार, मग तोही जाणार. त्याला हे तोंडानं सांगवत नव्हतं. "पर तुमी कसं वळखलं पटेल?"

"धान नाही मांगतलं तू," बाबूजी म्हणाले. "तिथं खाशीन, त इथलं धान कायले घेशीन? बराबर आहे तुहं." आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पैशाचं जे ठरलं ते त्यानं मागितलं त्याहून थोडं जास्तच ठरलं.

सालदार गेला. बाबूजी तिथंच बसून राहिले. मी गुढी उभी करायला बोलावलं तर उठले, गुढी उभी केली, नमस्कार केला आणि परत येऊन त्याच जागी बसले. मला वाटलं, इतक्या वर्षांचा माणूस जाणार, त्याचं वाईट वाटतंय. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "धाकटीनं भाव कायमंधी बांधून ठेवला म्हणे?"

"डॉलरमधे," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझ्याही डोक्यात उजेड पडला.

आम्ही दोघांनी मिळून केवढी मोठी चूक केली होती! आमच्या घराला सालदाराच्या तोंडून निघालेल्या एका शब्दावरून त्याचं पुढचं वर्ष दिसतं. आणि स्वतःच्या पोरीनं स्पष्ट सांगितलं, मला डॉलरमधे तेवढंच मिळायला हवं, रुपयाशी घेणंदेणं नाही, तर आम्ही टाळ्या वाजवल्या, बाजारभर चहा पाजला. कंपन्या इकडच्या, म्हणून जीव इकडे, असं धरून बसलो. पण ज्याला रुपयात जगायचं आहे त्याला रुपया पडला म्हणून कवर घ्यायची काय गरज? त्याचा भात, त्याचं तेल, त्याचा मिस्त्री, सगळं रुपयातच. कवर त्यालाच लागतं, ज्याला तो पैसा शेवटी तिकडे न्यायचा आहे आणि तिकडेच खायचा आहे. धाकटीनं धान मागितलं नव्हतं. एवढंच होतं, आणि ते आम्हाला अख्खा हिवाळा दिसलं नव्हतं.

बाबूजींनी पेला रिकामा करून खाली ठेवला. "मिस्त्रीले सांगून देजो," ते म्हणाले. "पायव्याची घाई नाही."

मला संताप आला. माझा स्वभाव तसा तडकू आहे, सासरी त्याची ख्याती आहे. धाकटीला काय काय सुनवायचं ते मी मनात नीट लावून ठेवलं. म्हाताऱ्या बापाला आंब्याला पाणी घालायला लावलंस, नकाशे काढायला लावलेस, आणि स्वतः गुपचूप डॉलरचं कुंपण घालून बसलीस. तिनं कुणाला काही लावलं नव्हतं हे मला कळत होतं. पण रागाला ते कळून उपयोग नसतो. रविवारपर्यंत मी गोरेगावलाच थांबले. नवऱ्यानं फोनवर विचारलं, "कब आ रही हो?" मी म्हटलं, "काम है।"

रविवारी तिचा फोन आला तो मला. मी काही बोलायच्या आत बाबूजींनी हात पुढे केला. मी आवाज मोठा करून फोन मधे ठेवला.

"बेटा," बाबूजी म्हणाले, "ते कवर तू बराबर केलं."

ती हसली. "आता काऊन आठवलं ते?"

"काही नाही. आपला सालदार यंदा पैशात मांगून राहिला. पोराकडे चालला नागपूरले. मंग मले समजलं." त्यांनी फोन जरा जवळ ओढला. "तुहं घर तिथं आहे. पोरीची शाळा तिथं आहे. तुले जिथं खायचं आहे, तिथलाच भाव तू बांधून ठेवला. मी असतो त मीही असंच केलो असतो. मनात काही ठेवजो नोको."

मग धाकटीचा आवाज आला, लहान मुलीसारखा. "बाबूजी, मी सांगणार होती."

"सांगाव कायले लागते? मलेच समजाले उशीर झाला, बस. तुह्याकडचा चिन्नोर तांदूळ संपला का? कोनी येणार असन तिकडं त सांग, पाठवतो."

मी नीट लावून ठेवलेली भाषणं माझ्या पोटातच विरघळली. मला बाबूजींचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी उगीच चुलीकडे गेले. पोरगी परत येणार नाही हे कळलेला बाप रडू शकतो, रागावू शकतो, बोलणं सोडू शकतो. हे तिन्ही मी आमच्या नात्यागोत्यात पाहिलेलं आहे. या माणसानं सालदाराच्या पाठीवर जसा हात ठेवला, तसाच पोरीच्या पाठीवर ठेवला. त्याच आठवड्यात मुर्रीच्या शेजाऱ्यानं प्लॉट विकता का म्हणून विचारलं, तर बाबूजी म्हणाले, "आत्ता नाही." मी पाहिलं तर ते पुन्हा मुर्रीला उतरून, बादली भरून, आंब्याला पाणी घालून माझ्याकडे आले होते. चपला तशाच. मी या वेळी काही बोलले नाही, पुसून घेतल्या.

पुढचे काही रविवार धाकटी नेहमीसारखी बोलली, पण तिचं लक्ष नसायचं. मग एकदा तिनं मला वेगळा फोन केला.

"ताई, तुला मला शिव्या द्यायच्या होत्या ना?"

"होत्या. आता शिळ्या झाल्या."

"दे तरी."

"नको, तुला अमेरिकेत पचायच्या नाहीत. बोल."

तिनं सांगितलं ते मी आजपर्यंत विसरलेले नाही. म्हणाली, तो फंड घेतला तेव्हा मी काहीच ठरवलेलं नव्हतं गं. दोन होते, त्याच कंपन्यांचे, एक कवरवाला, एक बिनकवरचा. मला वाटलं, रुपयाची कशाला जोखीम घ्या. बस, एवढाच विचार केला. पण बाबूजी म्हणाले ते ऐकून मी रात्रभर विचार केला. मी कुठं राहणार ते माझ्या मनानं ठरवून टाकलं होतं आणि मलाच सांगितलं नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता बसून नीट हिशेब केला. पैशाचा नाही, माझा."

आणि इथे मला माझ्या बहिणीपुढे हात जोडावेसे वाटतात. तिला त्या रविवारी रडत रडत म्हणता आलं असतं, बाबूजी, मी येते, सगळं सोडून येते. बाबूजींनी त्यावर विश्वासही ठेवला असता. लाजेनं म्हटलेला हो म्हणजे काय असतो, ते तिला बापाइतकंच ठाऊक होतं. तिनं तो म्हटला नाही. नवऱ्याशी बोलली, मुलीच्या शाळेची वर्षं मोजली, स्वतःची नोकरी, तब्येत, इकडची ओढ, सगळं समोर मांडलं, आणि आपल्या आयुष्याचा किती वाटा आपण खरोखर इकडे देऊ शकतो ते शोधून काढलं. फार मोठा नाही निघाला. पण जेवढा निघाला तेवढा तिनं कवरमधून बाहेर काढला. कवरवाल्या फंडाचा तेवढा भाग विकला आणि त्याच कंपन्यांचा बिनकवरचा फंड घेतला. तिच्या नवऱ्यानं विचारलं म्हणे, डॉलरमधे कमावतो, डॉलरमधे राहतो, मग ही जोखीम कशाला? ती म्हणाली, "या भागाचा खर्च डॉलरमधे नाही."

बाबूजींना तिनं स्वतःच सांगितलं, पुढच्या रविवारी. गोडधोड काही लावलं नाही. "बाबूजी, पुरं नाही जमणार मले. पोरगी कॉलेजात गेली की वर्षातले काही महिने. तेवढाच भाग उघडा ठेवला आहे."

"कवढा?"

"दोन खोल्यांएवढा."

बाबूजी म्हणाले, "मंग दोन खोल्यांचाच पायवा टाकतो." आणि फोन ठेवल्यावर त्यांनी नकाशा काढला, वरच्या मजल्यावर पेन्सिलीनं फुली मारली, खालची एक खोली खोडली. ओसरी ठेवली. तेवढी तरी ठेवू द्या, असं कोणीतरी म्हटल्यासारखी ओसरीवर त्यांची पेन्सिल थोडी थांबली होती.

पायवा भरला. सळ्या आणि सिमेंट आमच्या दुकानातून गेलं. बाबूजींनी जावयाकडून पक्कं बिल घेतलं आणि त्या बिलावर अर्धा तास घासाघीस केली. माझा नवरा रात्री मला म्हणाला, "तुम्हारे बाबूजी से तो ग्राहक अच्छे।" विटांवर पाणी मारायला सालदार गोरेगावहून मोटारसायकलनं यायचा. हे साल त्याचं होतं आणि त्यानं ते म्हटल्याप्रमाणे इमानदारीनं केलं. खिडक्यांच्या उंचीपर्यंत भिंती आल्या होत्या तेव्हा टीव्हीवर पुन्हा तीच बातमी लागली. रुपया परत घसरला.

त्या दिवशी आम्ही मुर्रीलाच होतो. बाबूजी आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते. आंबा आता त्यांच्या डोक्याइतका झाला आहे, सावली नावापुरती. ते बेचैन दिसत होते. शेवटी मला म्हणाले, "लाव फोन." मला त्यांच्या मनातलं कळत होतं. मागच्या वेळी तिला काही लागलं नव्हतं. या वेळी एक भाग उघडा होता, आणि तो उघडा ठेवायला कारण ते होते.

"रुपया पडला म्हणते," बाबूजी म्हणाले.

"हो, पाहिलं मी."

"तुले लागलं का?"

"नाही बाबूजी."

बाबूजींचा चेहरा उतरला. मी पाहिला. त्यांनी खुर्चीच्या दांड्यावरचा हात उचलला आणि परत ठेवला. "मंग कवर घेतलं असन पुन्हा," ते हळूच म्हणाले. "बराबर केलं."

"नाही घेतलं. तो भाग उघडाच आहे."

"उघडा आहे, त लागलं कसं नाही?"

"डॉलरमधी मोजलं त लागलंच असतं बाबूजी," धाकटी म्हणाली. "मी मोजतच नाही तो डॉलरमधी. तो मले मुर्रीतच खायचा आहे ना? रुपया तिथं पडला, पण माह्या दोन खोल्या तेवढ्याच आहेत. सालदाराच्या धानासारखं आहे ते."

मिस्त्री वर थापी वाजवत होता. बाबूजी खुर्चीत सावरून बसले, फोन माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतला, कानाला लावला, जणू आता बाकीच्यांनी ऐकायचं कारण नाही. आणि ज्या माणसानं आयुष्यात हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता, ना सालदाराला, ना मला, ना तिला, त्यानं तो विचारला.

"मंग कधी येऊन राहिली, बेटा?"